झोपमोड

यंदा थंडी पडली हे मला पेपरवाल्यांच्या आधी माझ्या गुडघ्यांनी सांगितलं. मुंबईची थंडी ती काय, पुण्या-नाशिकचे लोक हसतात आपल्याला. पण लालबागेत अडुसष्ट हिवाळे काढलेल्या बाईला ती बरोबर कळते. सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं, बाटलीतलं खोबरेल तेल गोठतं आणि समोरच्या चाळीतला एकेक म्हातारा माकडटोपी चढवून गॅलरीत उभा दिसतो. परवा कपाटातून स्वेटर काढला तर खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास झाला. स्वेटरच्या खाली ह्यांचा मफलर होता. तो तसाच घडी करून पुन्हा आत सारला आणि स्वतःला म्हटलं, बाई गं, आली थंडी, आता दोन महिने काढ कसेतरी.

एके काळी मला थंडी आवडायची, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. थंडी म्हणजे भायखळ्याच्या मंडईतून आणलेला मटार आणि गॅलरीत तो सोलत बसलेल्या बायका, त्यातला निम्मा सोलता सोलताच पोटात जायचा. आणि थंडी म्हणजे गच्ची. आमच्या चाळीच्या गच्चीवर सकाळी साडेसहाला योगासनांचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणायचं आपलं. आठ-दहा म्हातारी माणसं, जुन्या सतरंज्या, कुणाची गोधडी, आणि शिकवायला सुर्वेमास्तर. मास्तर शाळेत पीटी शिकवायचे, पंचाहत्तरी उलटली तरी पाठ ताठ. ते समोर उभं राहून वृक्षासन करून दाखवत आणि आम्ही सगळे पाण्याच्या टाकीच्या पाइपाला धरून एका पायावर उभे राहत असू. पवनमुक्तासनाला तर हसून हसून पुरेवाट व्हायची. नाव तसाच गुण, आणि थंडीत वाटाणे खाल्लेली माणसं. कुणाचा तरी आवाज झाला की मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणत, चला, एकाला तरी जमलं.

मी तिथे गेले ती गुडघ्यांसाठी. तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत फळ्यासमोर उभी राहिले, ते सगळं पायांनी वसूल केलं. डॉक्टर म्हणाले, बाई, गोळ्या किती दिवस खाणार, रोज जरा व्यायाम करा, म्हातारपण सुसह्य होईल. सहा महिन्यांत मला खाली बसून मांडी घालता यायला लागली. देवासमोर खुर्ची टाकून बसणारी मी, पाटावर बसले त्या दिवशी मला इतका आनंद झाला की अख्ख्या मजल्याला शिरा वाटला. मग मी ह्यांच्या मागे लागले.

हे कसले ऐकतात. म्हणाले, आता ह्या वयात हातपाय वर करून काय स्वर्गात चढायचंय? मी महिनाभर कटकट केली. ह्यांना ना गुडघ्याचा त्रास होता, ना पाठीचा. ह्यांचं दुखणं एकच, झोप. तरुणपणी गिरणीत तिसरी पाळी, संपानंतर गिरणी बंद पडली तेव्हा फोर्टातल्या एका ऑफिसात रात्रीचे वॉचमन, सत्तावीस वर्षं. इतकी वर्षं रात्री जागून दिवसा झोपलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याला रात्री झोप कुठून येणार? अंथरुणात कूस बदलत राहायचे, बीपी वाढलेलं, गोळी चालू होती. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून एके दिवशी लेंगा-बनियनवर स्वेटर चढवला आणि माझ्यामागून जिना चढून आले.

आसनं ह्यांना कधीच जमली नाहीत. डावा म्हटलं की उजवा पाय वर. पण सगळ्यात शेवटी मास्तरांनी शवासन सांगितलं, उताणे पडा, अंग सैल सोडा, डोळे मिटा. पाचव्या मिनिटाला हे घोरायला लागले. बाकीचे उठले तरी हे आपले सतरंजीवर पसरलेले. मास्तर हाक मारणार, तेवढ्यात मी त्यांना हाताने थांबवलं. असू द्या म्हटलं. त्या दिवशी हे जवळजवळ तासभर झोपले आणि उठून बसले तेव्हा लहान मुलासारखे खूश. मला म्हणाले, "वरती बरी झोप येता गो." घरात आम्ही एरवी मुंबईचंच मराठी बोलायचो, पण फार बरं वाटलं की ह्यांच्या तोंडी गावची मालवणी यायची.

तेव्हापासून गच्चीवर रिवाजच पडला. शवासन संपलं की सगळे आपापल्या सतरंज्या गुंडाळणार, चपला हातात घेणार आणि पावलांचा आवाज न करता जिना उतरणार. मी तेवढी ह्यांच्या उशाशी बसून राहायची. आमच्या गच्चीवर ऊन उशिरा येतं. गिरणीच्या जागी टॉवर झालाय, त्याच्या मागून सूर्य वर यायला आठ वाजतात. ऊन ह्यांच्या तोंडावर आलं की उठवायचं, असं ठरलेलं. तो अर्धा-पाऊण तास माझा होता. तुम्हाला गंमत वाटेल, पण लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी नवऱ्याकडे असं निवांत बघायला मला मिळालंच नव्हतं. मी शाळेतून यायची तेव्हा हे झोपलेले, हे उठायचे तेव्हा मी स्वयंपाकात, जेवले की निघाले. गच्चीवर मी त्यांच्या भुवयांतले पांढरे केस मोजत बसायची.

झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, हे आम्हा गिरणगावातल्या मुलांना बाराखडीच्या आधी शिकवलेलं असतं. माझे वडील रात्रपाळीला. सकाळी ते येऊन आडवे झाले की आई दाराला पडदा लावायची. पडदा दिसला की सगळ्या मजल्याला कळे. मग आम्ही पोरं गोट्यासुद्धा आवाज न करता खेळायचो. आई भांडं खाली ठेवताना आधी फडकं अंथरायची. एकदा माझ्या हातून पितळी तांब्या पडला आणि वडील दचकून उठले, तर आईने मला मारलं नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे, आणि ते मारापेक्षा वाईट होतं. त्या झोपेवर घर चालायचं. झोप मोडली तर रात्री गिरणीत यंत्राच्या साच्यावर डुलकी येणार, आणि साच्यात बोट गेलेली माणसं आमच्या चाळीत दोन होती. पुढे लग्न करून मी दुसऱ्या चाळीत आले ती तोच पडदा लावायला. शाळेत पन्नास पोरांवर ओरडणारा माझा आवाज घरात शिरताना चपलांबरोबर बाहेर राहायचा. आमचा महेश लहानपणी रडायला लागला की मी त्याला घेऊन खाली पटांगणात जायची, भर उन्हात.

ही सगळी प्रस्तावना मी का लावली आहे, ते मला माहीत आहे. मूळ गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही.

तीन वर्षांपूर्वीची थंडी. संक्रांत चार दिवसांवर. मी तीळ आणून ठेवलेले, भाजायचे राहिलेले. त्या रात्री हे मुळीच झोपले नव्हते. जिना चढताना म्हणाले, उजव्या हाताला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, गारठा आहे, चोळा जरा. वर त्यांनी दोन-तीन आसनं केली न केली आणि पडून राहिले. शवासन झालं, सगळे उठले, हे झोपलेले. रोजचंच. लोक एकेक करून उतरले. मागे राहिल्या कांबळेबाई.

कांबळेबाई आमच्या शेजारच्या चाळीत राहतात. एका सरकारी रुग्णालयात पंचवीस वर्षं आया होत्या. अंगाने किरकोळ, बोलणं बेताचं. मास्तर ओंकार म्हणायला लावत तेव्हा त्या डोळे मिटून बसत आणि त्यांची वंदना त्या मनात म्हणत. माझी त्यांची मैत्री गच्चीवरच जमली. त्या दिवशी त्या सतरंजी गुंडाळता गुंडाळता थांबल्या आणि ह्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या,

"वहिनी, भाऊंचं तोंड जरा वाकडं दिसतंय. उठवून बघू का?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपू द्या हो. रात्रभर जागे होते."

त्यांनी चपला हातात घेतल्या आणि गेल्या.

मी काही पाहिलं नाही असं नाही. मीही वाकून पाहिलं. तोंड एका बाजूला उघडं होतं आणि कोपऱ्यातून लाळ आली होती. मला वाटलं, गाढ झोप लागली. मी पदराने लाळ पुसली. त्यांच्या अंगावर माझी शाल घातली, आणि बसले. समोरच्या गच्चीवर कुणी तरी पापड वाळत घालत होतं ते बघत बसले. मनातल्या मनात म्हणत होते, बघा, किती छान झोपलेत. पाऊण तास. ऊन आलं तेव्हा मी म्हटलं, अहो, उठा आता. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि बोलायला गेले, तर नुसता घशातून आवाज आला. उजवा हात शालीखालून निघेना.

पुढचं सगळं धावपळीचं. महेश वडाळ्याला राहतो, तो परस्पर रुग्णालयात आला. तरुण डॉक्टर होते, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे कधीपासून असं आहे? मी म्हटलं, आत्ताच, वीसेक मिनिटं झाली असतील. कशी काय म्हणाले मी ते, देव जाणे. शाळेत पोरं गृहपाठ विसरली की म्हणतात तसं माझ्या तोंडातून निघालं. धावपळ ऐकून माझ्याबरोबर आलेल्या कांबळेबाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही डॉक्टर. तासाच्या वर झाला." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, कांबळेबाईंकडे बघितलं, आणि लिहून घेतलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नंतर ते महेशला सांगत होते की पक्षाघातात मिनिटामिनिटाला किंमत असते, लवकर आणलं असतं तर कदाचित फरक पडला असता, कदाचित नसताही. तो "कदाचित" मी गेली तीन वर्षं उशाला घेऊन झोपते.

महेशने बाहेर येऊन मला विचारलं, आई, तुम्हाला कुणालाच कसं कळलं नाही? मी म्हटलं, झोपलेत असं वाटलं रे. हे खोटं नव्हतं. कांबळेबाई बाजूलाच होत्या आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांनी उठवू का विचारलं आणि मी नको म्हटलं, हे महेशला अजून माहीत नाही. आता हे वाचेल तेव्हा कळेल, आणि मग तो काय म्हणायचं ते म्हणेल.

आणि माझा स्वभाव बघा. ज्या बाईने डॉक्टरांना खरं सांगितलं आणि माझ्या मुलाला सांगितलं नाही, तिच्याशीच मी बोलणं टाकलं. ती जिन्यात दिसली की मी तोंड फिरवायची. लोकांना वाटायचं दुःखात आहे बिचारी. दुःखात होतेच, पण त्याहून जास्त रागात होते, आणि तो राग ज्या बाईवर काढायला हवा होता ती आरशात होती.

हे घरी आले, पण उजवी बाजू गेलेली आणि वाचा गेलेली. मी त्यांचा लुळा हात धरून डोक्यापर्यंत वर न्यायची, खाली आणायची. मास्तर येऊन दाखवून गेले होते, बोटं कशी उघडायची, कोपर कसं वाकवायचं. श्वास घ्या, सोडा, असं मी मोठ्याने म्हणायची, कारण ते म्हटल्याशिवाय मला धीर धरवत नव्हता. गच्चीवर हसत हसत केलेलं सगळं मी आता त्यांच्या अंगाकडून करून घेत होते. आमची खूण ठरलेली. डोळे मिटले म्हणजे हो. डावा हात हलवला म्हणजे नाही. चहा हवा का, हो. पंखा लावू का, नाही. दोन महिने आम्ही एवढ्यावर संसार केला.

एक गोष्ट मला खात होती. त्या पाऊण तासात ते खरंच झोपलेले होते, की जागे होते आणि त्यांना हलता येत नव्हतं? माझं बोलणं त्यांना ऐकू जात होतं का? आपल्याला काही तरी होतंय, कांबळेबाई विचारताहेत, आणि आपली बायको म्हणते आहे, झोपू द्या. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी त्यांच्या जवळ बसले आणि विचारलंच.

"त्या दिवशी मी बोलले ते ऐकू आलं होतं तुम्हाला?"

ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. डोळे मिटले म्हणजे हो. पण झोप आली तरी माणूस डोळेच मिटतो. थोड्या वेळाने श्वास संथ झाला, आणि मी पुन्हा विचारायला त्यांना उठवलं नाही. त्यानंतर विचारायची माझी छाती झाली नाही. होळीच्या चार दिवस आधी ते गेले.

पुढच्या दोन थंड्या मी गच्चीवर गेले नाही. सकाळी डोक्यावरून पावलं वाजायची, मास्तरांचा आवाज यायचा, मी रेडिओ मोठा करायची. गुडघे पुन्हा धरले. पाटाची पुन्हा खुर्ची झाली. महेश म्हणाला, आई, तुझ्या तब्येतीसाठी तरी जा. मी त्याला म्हटलं, तब्येत सांभाळून मला काय करायचंय? आईने मुलाला असं बोलू नये, हे मला तेव्हाही कळत होतं.

ह्या वर्षी स्वेटर काढला त्याच आठवड्यात कांबळेबाई आल्या. दार उघडंच होतं. आत येऊन खाली बसल्या, मी खुर्चीवर. तीन वर्षांनी समोरासमोर. मी पाणी दिलं. प्याल्या. मग म्हणाल्या, "मला कळलं होतं, वहिनी." मी विचारलं, काय? त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं वॉर्डात काढली मी. तसलं तोंड मी शंभरदा बघितलंय. मला कळलं होतं." मला आधी संताप आला. मग बोलली का नाहीस बाई, हात धरून मला बाजूला का नाही केलंस? तो प्रश्न मी विचारला की नुसता माझ्या तोंडावर दिसला, आठवत नाही. त्या मान खाली घालून सांगत होत्या की त्यांचे वडीलही रात्रपाळीला होते. त्यांच्या घरी दाराला पडदा नव्हता, गोणपाट होतं, एवढाच फरक. मी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांचे पाय आपोआप जिन्याकडे वळले. खाली पोचल्यावर त्यांना भान आलं, पुन्हा चार पायऱ्या चढल्या, आणि झोपलेल्या माणसाला कसं उठवायचं म्हणून परत उतरल्या. तीन वर्षं त्या हेच घेऊन जगत होत्या, आणि मला वाटत होतं की हे ओझं फक्त माझ्या डोक्यावर आहे. आम्ही दोघी खूप रडलो. मी खुर्चीवरून उठून त्यांच्या शेजारी खाली बसले, आणि मग मला उठता येईना, तेव्हा त्यांनीच हात देऊन उठवलं.

जाताना म्हणाल्या, उद्यापासून वर या. त्या थंडीनंतर मास्तरांनी नवीन नियम केलाय. शवासन संपलं की प्रत्येकाचं नाव घेतात आणि ज्याने त्याने "हजर" म्हणायचं. म्हटल्याशिवाय कुणी जिना उतरायचा नाही. पण मास्तरांचा आवाज आता फुटत नाही, निम्म्यांना ऐकू जात नाही. तुमचा शाळेतला आवाज आहे.

तर आता मी गच्चीवर हजेरी घेते. पहिल्या दिवशी कठड्याला धरून एकेक पायरी चढले. टाकीशेजारची ह्यांची जागा कुणीही सांगितलं नव्हतं तरी रिकामी ठेवलेली, ती बघून मी सरळ म्हटलं, पसरा तिथे सतरंजी, जागा काय अडवून ठेवता. त्या जागी आता तांडेल असतात. वरळी कोळीवाड्यातले. बायको गेली, बोट विकली आणि आमच्या दुसऱ्या मजल्यावर मुलीकडे राहायला आले. जन्मभर पहाटे तीनला समुद्रावर गेलेला माणूस, त्यांनाही आता रात्रीची धड झोप नाही.

परवा मी नावं घेत होते. हजर, हजर, हजर. तांडेल म्हटलं, उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, नाही. कांबळेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यांचा विचार न करता उठले, त्यांच्याजवळ बसले आणि दोन्ही खांदे धरून गदागदा हलवलं. तांडेल धडपडत उठून बसले. काही झालं नव्हतं त्यांना, गाढ झोपले होते. आणि असे चिडले, असे चिडले की विचारू नका. म्हणाले, चार दिवसांनी जरा डोळा लागला होता, तुला काय धाड भरली बाई. सतरंजी उचलून पाय आपटत खाली गेले. दुपारी मुलगी हसत सांगायला आली की बाबांनी चहा घेतला नाही, जेवायलाही बसत नाहीत, म्हणतात ती मास्तरीण उद्या असेल तर मी येणार नाही.

मीही हसले तिच्याबरोबर. ती गेल्यावर दार लावून घेतलं.

ह्यांना मी तसं हलवलं असतं, तर हेही चिडले असते. चहाला तोंड लावलं नसतं. पेपर तोंडासमोर धरून बसले असते आणि मी काही विचारलं की फक्त पान उलटलं असतं. दुपारी मी त्यांच्या आवडीचा सुका जवळा भाजला असता, तरी बोलले नसते. नसते बोलले तर नसते. जन्मभर रागावून बसले असते तरी मला चाललं असतं.